बंद पडणार हे धरून बांधा: क्लाउडवरची पहिली मांडणी, पायरीपायरीनं

जूनचा दुसरा आठवडा होता. रात्री साडेआठला एका शाळेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणवेशाच्या ऑर्डरची लिंक टाकली. लिंक सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गणवेशाच्या कारखान्याची होती आणि ती साइट मी उभी केली होती. नऊ वाजले आणि फोन सुरू झाले. "पैसे कापले गेले, ऑर्डर दिसत नाही." लॅपटॉप उघडला, सर्व्हरवर गेलो, एक कमांड दिली. डिस्क शंभर टक्के भरलेली. ॲप, डेटाबेस, शर्ट-पँटचे फोटो आणि सगळे लॉग त्या एकाच मशीनवर होते. लॉगनं डिस्क खाल्ली आणि डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही. पेमेंट बाहेरच्या कंपनीकडे होत असल्यामुळे ते मात्र व्यवस्थित चालू राहिलं. पुढचे दोन दिवस आम्ही पेमेंटच्या यादीशी एकेक पालकाचं नाव जुळवत बसलो.

त्या रात्री प्रोसेसर निवांत होता, मेमरी शिल्लक होती. मोठं मशीन घेतलं असतं तर हाच प्रकार चार दिवस उशिरा झाला असता, एवढंच. चूक मांडणीत होती. म्हणून या कामात नव्यानं उतरलेल्यांसाठी ती मांडणी कशी करायची, ते इथे क्रमानं लिहितोय. तुमचा लिनक्सवर हात बसलाय, एखादं वेब ॲप चालवता येतं आणि क्लाउडचं खातं उघडलंय, असं धरलंय. उदाहरण शेवटपर्यंत त्याच कारखान्याचं आहे. सेवांची नावं एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची आहेत, कारण मी रोज तेच वापरतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर किंवा गूगल क्लाउडवर नावं बदलतात, विचार तोच राहतो.

पायरी १: आधी कागद, मग कन्सोल

खातं उघडलं की हात आपोआप मशीन सुरू करायच्या बटनाकडे जातो. थोडं थांबा. ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासमोर बसा आणि दोन गोष्टी विचारा. किती वेळ बंद पडलेलं चालेल? आणि बंद पडलं तर किती वेळाची माहिती गेलेली चालेल? आपल्या धंद्यात पहिल्याला आरटीओ म्हणतात आणि दुसऱ्याला आरपीओ. सरळ विचारलं तर उत्तर एकच येतं, म्हणून प्रसंग डोळ्यासमोर उभा करून विचारा. कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आमचं बोलणं असं झालं:

"अण्णा, साइट किती वेळ बंद चालेल?"

"बंद पडायलाच नको की."

"रात्री दोनला दहा मिनिटं पडली तर?"

"रात्री दोनला कोण गणवेश घेतंय? पडू दे."

"आणि जूनमध्ये रात्री साडेआठला?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "पाच-दहा मिनिटं चालवून घेऊ, लोक परत येतात. पण पैसे घेतले अन् ऑर्डर नाही, असं एकदाही नको. शाळेपुढं तोंड दाखवायला जागा राहत नाही."

या चार वाक्यांत सगळी मांडणी आली. हंगामात साइट दहा मिनिटांच्या आत परत उभी राहिली पाहिजे, आणि नोंदवलेली एकही ऑर्डर हरवता कामा नये. फोटो उशिरा दिसले, बिल तासाभरानं गेलं, तर चालेल. प्रत्येक भागाला सारखीच कडक हमी द्यायला गेलात तर पैसे संपतात, आणि ज्याला खरी गरज आहे तो भाग कच्चाच राहतो.

आता आकडे. ९९ टक्के चालू म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांपेक्षा जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास, महिन्याचा हिशेब केला तर ४३ मिनिटं. ९९.९९ टक्के म्हणजे वर्षभरात सुमारे ५३ मिनिटं. हे आकडे पाठ करून ठेवा, कारण कुणी "फोर नाइन पाहिजे" म्हणालं की तुम्हाला लगेच सांगता आलं पाहिजे: वर्षात तासाभरापेक्षा कमी, त्यात तुमची झोपही आली.

एकामागून एक लागणारे भाग असले की टक्केवारीचा गुणाकार होतो. ॲप, डेटाबेस आणि पेमेंट तिन्ही ९९.९ असतील तर ग्राहकाला मिळतात ९९.७, म्हणजे वर्षात २६ तास बंद. याउलट एकाच कामाला दोन पर्याय ठेवले तर बंद असण्याच्या शक्यतांचा गुणाकार होतो. ९९ टक्क्यांची दोन मशीन मिळून ९९.९९ होतात. पण ती एकाच कारणानं एकदम बंद पडणार नसतील, तरच.

हे सोलापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरात हौद असतो, गच्चीवर टाकी असते, शिवाय बॅरल असतं. गच्चीवर दोन टाक्या बसवल्या आणि दोन्हींना खालून मोटर एकच असली, तर मोटर जळाल्यावर दोन्ही टाक्या कोरड्या. क्लाउडवर नव्या माणसाची सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक नेमकी हीच असते.

पायरी २: जागा निवडा

क्लाउडमध्ये जागेचे दोन थर असतात. रीजन म्हणजे शहराजवळचा परिसर. रीजनच्या आत झोन असतात. प्रत्येक झोनमध्ये एक किंवा जास्त डेटा सेंटर, आणि त्याची वीज, कूलिंग, नेटवर्क वेगळं. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ साली सुरू झालं, त्यात आज तीन झोन आहेत. हैदराबादचं रीजन नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. अझ्युरचं एक रीजन पुण्यात आहे. गूगलचं मुंबईत २०१७ पासून आणि दिल्लीत २०२१ पासून.

सोलापूरहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, मुंबई ४००. मग हैदराबाद जवळचं म्हणून तेच घ्यावं का? या अंतरानं फरक पडतो तो काही मिलिसेकंदांचा, पालकांना तो जाणवणार नाही. तुम्हाला लागणाऱ्या सेवा तिथे आहेत का आणि दर काय आहे, ते बघून ठरवा. आम्ही मुंबई घेतलं.

जागेची गोष्ट किती गंभीर आहे हे १० मार्च २०२१ ला दिसलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून चालू काम दोन झोनमध्ये ठेवा, आणि बॅकअपची एक प्रत दुसऱ्या रीजनमध्ये. कामाचं सगळं मुंबईत आणि बॅकअपची प्रत हैदराबादला, असं आमचं आहे.

एडब्ल्यूएस एकट्या मशीनला ९९.५ टक्क्यांची हमी देतं. तेच काम दोन झोनमध्ये वाटलं तर ९९.९९. हमी मोडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. तुमच्या हरवलेल्या ऑर्डरची भरपाई त्यात नसते.

दोन रीजनमध्ये सगळं एकाच वेळी चालवणं किंवा दोन कंपन्यांचे क्लाउड एकत्र वापरणं, हे पहिल्या वर्षी करू नका. त्यातून येणारा गुंता सांभाळायला माणसं लागतात, आणि तो गुंताच एक दिवस साइट पाडतो.

पायरी ३: मशीनवर काहीही जपून ठेवू नका

आमच्या चुकीचं मूळ इथे होतं. ॲपचं मशीन हे भाड्याच्या खोलीसारखं वापरायचं. आज आहे, उद्या सोडावं लागेल, म्हणून मौल्यवान काही तिथे ठेवायचं नाही. कोण लॉगिन झालंय याची नोंद डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठ्यात. फोटो, पीडीएफ ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइल ठेवायच्या क्लाउडच्या वेगळ्या गोदामात. लॉग तयार होताक्षणी बाहेरच्या लॉगसेवेकडे, आणि मशीनवर जे उरतील त्यांना आकाराची मर्यादा.

परीक्षा अगदी सोपी आहे. भर दुपारी एक मशीन पुसून टाकायला तुमचा हात कचरतो का? कचरत असेल तर त्यावर अजून काहीतरी आहे. ते शोधून बाहेर काढा.

ऑब्जेक्ट स्टोरेजबद्दल एक गैरसमज दूर करतो. एस-थ्री या सेवेत वस्तू टिकण्याचं प्रमाण ९९.९९९९९९९९९ टक्के धरून रचना केलेली आहे, अकरा वेळा नऊ. नेहमीच्या प्रकारात ती वस्तू किमान तीन झोनमध्ये ठेवली जाते. पण हा आकडा त्यांच्या डिस्क खराब होण्याबद्दल आहे. तुम्हीच चुकून फोल्डर पुसलं तर ते तितक्याच खात्रीनं पुसलं जातं. त्यासाठी व्हर्जनिंग सुरू करा, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या जुन्या आवृत्त्या शिल्लक राहतात. पहिल्या दिवशीच.

मशीन रिकामं झालं की बाकीचं सोपं होतं. दोन झोनमध्ये एकेक मशीन आणि पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या मशीनमध्ये वाटून देणारा. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक मशीनला "बरं आहे ना?" विचारतो, म्हणजे हेल्थ चेक. त्या तपासणीत डेटाबेसला हात लावू नका. मी सुरुवातीला लावला होता. डेटाबेस जरा मंदावला, दोन्ही मशीननी "बरं नाही" असं उत्तर दिलं, आणि मशीन बदलणाऱ्या व्यवस्थेनं चांगली चाललेली दोन्ही मशीन काढून नवी आणायला घेतली. हेल्थ चेकनं फक्त ते मशीन स्वतः उत्तर देऊ शकतं का, एवढंच बघावं.

पायरी ४: डेटाबेस

इथे वेळ द्या. बाकी सगळं पुन्हा उभं करता येतं, डेटाबेस नाही.

स्वतःच्या मशीनवर डेटाबेस बसवण्यापेक्षा तयार सेवा घ्या, उदाहरणार्थ आरडीएस, आणि तिचा दोन झोनचा पर्याय निवडा. त्यात एक डेटाबेस चालू असतो आणि दुसऱ्या झोनमध्ये त्याची जुळी प्रत. प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्यावरच "झालं" म्हटलं जातं. पहिला पडला की दुसरा जागा घेतो, साधारण ६० ते १२० सेकंदांत. अण्णांच्या "पाच-दहा मिनिटं" या मर्यादेत हे बसतं, आणि नोंदवलेली ऑर्डर जात नाही, ही त्यांची खरी अटही पाळली जाते.

मात्र जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची डिलीट कमांड दोन्हीकडे एकाच क्षणी पोहोचते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याच्या हातून रात्री उशिरा, दमलेला असताना, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. नंतर कळलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धतींपैकी एकही धड चालू नव्हती. योगायोगानं काही तास आधी घेतलेली एक प्रत सापडली आणि सुमारे सहा तासांची माहिती गेली. त्या कंपनीनं हे सगळं लपवून न ठेवता जाहीरपणे लिहिलं, त्यामुळे आपल्याला शिकता आलं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

बॅकअप आहे असं म्हणायचा हक्क तो परत उभा करून बघितल्यावरच मिळतो. महिन्यातून एकदा, घड्याळ लावून. आरडीएसमध्ये गेल्या ३५ दिवसांपर्यंतच्या कुठल्याही क्षणाला परत जाता येतं, पण तुम्ही तेवढे दिवस ठेवायला सांगितलं असेल तरच. आणि परत आणलेला डेटाबेस जुन्याच्या जागी येत नाही. तो नवा डेटाबेस म्हणून, नव्या पत्त्यावर उभा राहतो. ॲपला तो पत्ता द्यावा लागतो, परवानग्या पुन्हा तपासाव्या लागतात. पहिल्यांदा हे करताना मला पाऊण तास लागला, त्यातले पंचवीस मिनिटं डेटाबेस तयार होण्यात आणि बाकी वेळ माझ्या धांदलीत गेला. शांत दिवशी पाऊण तास, तर जूनच्या रात्री किती? त्या दिवशी मी सगळ्या कमांड एका कागदावर उतरवल्या.

दुसरी अडचण कनेक्शनची, आणि ती वाढीच्या वेळीच डोकं वर काढते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा १०० असते. तुमचं प्रत्येक ॲप मशीन २० कनेक्शन धरून बसत असेल, तर पाच मशीनमध्येच ती भरते. गर्दी वाढली, आपोआप सहावं मशीन आलं, की त्याला डेटाबेस दारातूनच परत पाठवतो. ग्राहकाला चुका दिसतात, तुम्ही गोंधळून आणखी मशीन वाढवता, आणि प्रकरण आणखी बिघडतं. तयार सेवेत ही मर्यादा मशीनच्या मेमरीनुसार बदलते. तुमच्या डेटाबेसचा आकडा बघून घ्या, त्याला जास्तीत जास्त मशीनच्या संख्येनं भागा, थोडी जागा स्वतःसाठी राखा, आणि तेवढाच पूल, म्हणजे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, प्रत्येक मशीनला द्या. पुरत नसेल तर मध्ये पीजीबाउन्सर बसवा. तो थोडीच कनेक्शन आलटूनपालटून सगळ्यांना वापरू देतो.

पायरी ५: मध्ये हौद बांधा

नळाला दोन तास पाणी येतं आणि घर ते पुढचे कित्येक दिवस वापरतं. हे हौदामुळे जमतं. ऑर्डरचंही तेच आहे. साडेआठ ते नऊ लोंढा येतो, पण बिलाची पीडीएफ, एसएमएस, पॅकिंगचं लेबल ही कामं रात्रभरात झाली तरी चालतात. मग पालकांना पानावर ताटकळत ठेवून ती कशाला करायची? ऑर्डर डेटाबेसमध्ये नोंदवा, "ऑर्डर मिळाली" म्हणा, आणि बाकीच्या कामांच्या चिठ्ठ्या क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, टाका. मागे बसलेले वर्कर, म्हणजे ही कामं करणारे प्रोग्राम, आपल्या वेगानं एकेक चिठ्ठी उचलतील. एसएमएसची सेवा तासभर बंद पडली तरी चिठ्ठ्या वाट बघतील. एसक्यूएस या क्यूमध्ये चिठ्ठी न सांगता चार दिवस राहते, सांगितलं तर चौदा दिवस.

इथे एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. वर्करनं चिठ्ठी उचलली की क्यू ती इतरांपासून ३० सेकंद लपवते. तेवढ्यात काम झाल्याचं कळवलं नाही तर वर्कर मेला असं समजून ती पुन्हा बाहेर काढते. आमची पीडीएफ बनायला गर्दीत ४० सेकंद लागत होते. पहिला वर्कर कामात असतानाच दुसऱ्यानं तीच चिठ्ठी उचलली, आणि पालकांना दोन-दोन एसएमएस गेले. लपवण्याची वेळ कामाच्या वेळेच्या कितीतरी पुढे ठेवा. आणि पाच वेळा उचलूनही न झालेली चिठ्ठी वेगळ्या क्यूमध्ये जाऊ द्या, जिथे माणूस ती उघडून बघेल.

तरीही एकच काम दोनदा येणार, हे गृहीतच धरा. पेमेंटची कंपनी "पैसे मिळाले" हा निरोप कधी दोनदा पाठवते, कधी उशिरा. उपाय असा: पालकांना पेमेंटच्या पानावर पाठवण्याआधीच ऑर्डर "पैसे बाकी" म्हणून नोंदवा आणि तिला एकमेव क्रमांक द्या. निरोप आला की त्या क्रमांकाची ऑर्डर "पैसे मिळाले" करा. दुसऱ्यांदा आला तर आधीच झालेलं आहे, काही करू नका. शिवाय दर पंधरा मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम "पैसे बाकी" असलेल्या ऑर्डर काढून पेमेंट कंपनीला स्वतः विचारतो. त्या जूनमध्ये आम्ही दोन दिवस हातानं जे केलं, ते काम आता हा प्रोग्राम करतो. अख्ख्या मांडणीत मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट हीच.

बाहेरच्या सेवेला हाक मारताना वेळेची मर्यादा घाला. उत्तर नाही आलं तर एक सेकंदानं, मग दोन, चार, आठ असं लांबवत पुन्हा विचारा, आणि प्रत्येक वेळेत थोडा कमीजास्तपणा ठेवा. नाहीतर सगळी मशीन एकाच ठोक्याला धडकतात आणि नुकतीच उठलेली सेवा परत आडवी होते.

पायरी ६: किती मोठं करायचं, याचा हिशेब

"स्केलेबल" म्हटलं की नवी मुलं लगेच कुबरनेटिसची, म्हणजे अनेक मशीनवर अनेक प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेची, भाषा बोलतात. आधी बेरीज-गुणाकार करू. शाळेत १२०० पालक. निम्म्यांनी पहिल्या दहा मिनिटांत लिंक उघडली, म्हणजे ६०० सेकंदांत ६०० जण, सेकंदाला एक. प्रत्येक जण ॲपकडे १५ विनंत्या करतो असं धरू, कारण फोटो सीडीएनवरून, म्हणजे फाइलच्या प्रती ग्राहकाजवळून देणाऱ्या वेगळ्या सेवेवरून, जातात. सेकंदाला १५. लोंढा एकसारखा येत नाही म्हणून तिप्पट धरा, ४५. एका विनंतीला सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल तर एका क्षणी आत असलेल्या विनंत्या ४५ गुणिले ०.२, म्हणजे ९. फक्त नऊ! पाच शाळांनी एकाच वेळी लिंक टाकली तरी ४५. नीट लिहिलेलं ॲप असेल तर दोन साधी मशीन याला पुरतात. असा हिशेब कागदावर केलात तर निम्मी भीती आणि निम्मा खर्च तिथेच कमी होतो.

हिशेबावर विश्वास ठेवण्याआधी के-सिक्ससारख्या साधनानं खोटी गर्दी पाठवून बघा. पाच मिनिटं नाही, तासभर. एडब्ल्यूएसच्या टी मालिकेतली स्वस्त मशीन रिकाम्या वेळात क्रेडिट साठवतात आणि गर्दीत खर्च करतात. छोट्या चाचणीत ती छान पळतात. क्रेडिट संपल्यावर काही प्रकार मंदावतात, काहींचं बिल वाढतं.

आपोआप मशीन वाढण्याची सोय जरूर लावा. किमान दोन, कमाल डेटाबेसला झेपेल तेवढी. पण तिला वेळ लागतो. गर्दी ओळखायची, मशीन उठवायचं, ॲप चालू व्हायचं, यात काही मिनिटं जातात, आणि शाळेच्या लिंकची गर्दी तेवढ्यात येऊन जाते. गर्दीची वेळ आधी माहीत असेल तर वेळापत्रकच लावावं. अण्णांची मुलगी शाळांशी बोलते. लिंक कधी टाकणार, हे ती आता आधी विचारून घेते, आणि आम्ही आठ वाजता दोनाची चार मशीन करून ठेवतो. दहा वाजता परत दोन.

कुबरनेटिस उत्तम आहे, पण ते सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे. वीस-पंचवीस वेगवेगळे प्रोग्राम झाले की शिका. एका ॲपसाठी नको.

पायरी ७: सगळं लिहून ठेवा, कोडमध्ये

कन्सोलवर क्लिक करत उभी केलेली मांडणी सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही. टेराफॉर्म किंवा ओपनटोफू ही फाइलमधल्या वर्णनावरून मांडणी उभी करणारी साधनं वापरा आणि नेटवर्कपासून अलार्मपर्यंत सगळं फाइलमध्ये ठेवा. काय काय उभं केलंय याची नोंद असलेली स्टेट फाइल लॅपटॉपवर ठेवू नका, ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा आणि दोघं एकदम बदलू शकणार नाहीत असं कुलूप लावा. मूळ खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा आणि रोजच्या कामाला ते वापरू नका. पासवर्ड कोडमध्ये नकोत. महिन्याच्या खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावा, आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो तो अंदाजात धरा. डेटा बाहेर जाण्याचे पैसे वेगळे पडतात, नवी माणसं इथेच दचकतात.

पायरी ८: बाहेरून बघत राहा

२८ फेब्रुवारी २०१७ ला एस-थ्रीच्या अमेरिकेतल्या एका रीजनमध्ये देखभाल करताना कमांडमधला एक आकडा चुकला आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. अर्ध्या इंटरनेटला धक्का बसला. पण त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सेवांची स्थिती दाखवणारं त्यांचं पानसुद्धा एस-थ्रीवर अवलंबून होतं, त्यामुळे ते बराच वेळ "सगळं ठीक" दाखवत राहिलं. तुमची राखण करणारी गोष्ट तुमच्याच मशीनवर ठेवू नका. बाहेरच्या एखाद्या सेवेनं दर मिनिटाला साइट उघडून, ऑर्डरच्या पानापर्यंत जाऊन बघावं.

अलार्म थोडे ठेवा. झोपेतून उठवणारे फक्त तीन: साइट बाहेरून उघडत नाही, पैसे मिळालेत पण ऑर्डर अडकलेय, डेटाबेसची डिस्क ८० टक्के भरली. बाकीचे सकाळी चहा घेताना बघायचे. रोज रात्री उगाच वाजणारा अलार्म आठवड्याभरात माणूस बंद करून झोपतो, आणि आठव्या रात्री तो खरा असतो.

लॉगबद्दल कायद्याचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. पालकांचे फोन नंबर आणि मुलांची मापं तुमच्याकडे आहेत, ती जबाबदारी ओझं समजून नव्हे, आपली समजून सांभाळा.

पायरी ९: मे महिन्यात तालीम

एवढं करून तुमच्याकडे असतो तो फक्त अंदाज. मुद्दाम मोडून बघितल्यावरच तो खरा ठरतो. नेटफ्लिक्सनं यासाठी केऑस मंकी नावाचा प्रोग्राम बनवला, जो चालू मशीन स्वतःहून बंद करत फिरतो. आपल्याला एवढं नको. वर्षातून दोनदा, शांत दुपारी, माणसं समोर बसवून करायचं.

आमची पहिली तालीम मे महिन्यात झाली, कारखान्यातल्या कटिंगच्या टेबलावर. बाहेर ऊन बेचाळीसच्या घरात. अण्णांच्या हातात त्यांचा फोन, त्यावर आमचीच साइट. मी एक ॲप मशीन पुसलं. अण्णांनी एक शर्ट निवडला, पुढे गेले, ऑर्डर झाली. "केलं का बंद?" त्यांनी विचारलं. केलं होतं. लोड बॅलन्सरनं दुसरीकडे वळवलं होतं आणि काही मिनिटांत नवं मशीन आपोआप आलं.

मग डेटाबेस. आरडीएसमध्ये "फेलओव्हरसह रीबूट" असा पर्याय असतो, म्हणजे काम मुद्दाम दुसऱ्या झोनमधल्या जुळ्या प्रतीकडे वळवायचं, तो दिला. कन्सोलवर दीड मिनिटात दुसरा झोन चालू दिसला. पण अण्णांच्या फोनवर गोल फिरतच राहिलं. तीन मिनिटं, पाच, आठ. डेटाबेस जिवंत होता, ॲप मात्र उत्तर देत नव्हतं. शेवटी सापडलं: ॲपच्या पूलमधली जुनी कनेक्शन आता अस्तित्वात नसलेल्या डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत होती. लिनक्स अशा कनेक्शनवर मूळ सेटिंगप्रमाणे पंधरा मिनिटांपर्यंत प्रयत्न करत राहतं. पूलला पाच सेकंदांची मर्यादा घातली, कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे बघायला लावलं, आणि पुन्हा फेलओव्हर केला. या वेळी ८५ सेकंद. अण्णांच्या मुलीनं तो आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहिला. कागदावर सगळ्या पायऱ्या मराठीत आहेत, कुणाला फोन करायचा तेही आहे, आणि सगळ्यात वर लिहिलंय की साइट बंद असताना शाळांना काय निरोप पाठवायचा.

पुढची तालीम गड्ड्याची यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ठेवली आहे. त्या दिवशी अख्खा डेटाबेस हैदराबादच्या प्रतीवरून उभा करायचा आहे, आणि कमांड मी नाही, अण्णांची मुलगी देणार आहे.